रविवारची एक बादली

अहो,

तुमची माफी मागायची आहे. तोंडाने मागायची मला सवय नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? बत्तीस वर्षं वर्गातल्या मुलांकडून माफीपत्रं लिहून घेतली, स्वतः एकही लिहिलं नाही. आज लिहिते आहे. स्वयंपाकघरात बसले आहे, समोर तुमची विजेची शेगडी, तिच्या पोटात ओव्हनमध्ये कणकेचे जाड रोडगे. ते व्हायला अजून पाऊण तास आहे. प्रज्ञा ओवीला घेऊन जालन्याच्या गाडीने निघाली आहे, धाड गाव सोडलं की फोन करते म्हणाली. त्याच्या आत लिहून झालं तर बरं. लेकीसमोर डोळे पुसत बसणं मला जमणार नाही.

ही शेगडी घरात आली तो दिवस आठवतो तुम्हाला? बंगल्यातले साहेब बदलून चालले होते, आणि सरकारी क्वार्टरांचे वायरमन म्हणून तुम्ही त्यांचे पंखे उतरवायला गेलात. परत आलात ते लोटगाडीवर हे धूड घेऊन! वर चार गोल कॉइल, खाली ओव्हन, पुढे ओळीने बटणं. मी दारातच अडवलं.

"हे लोखंड कुठे ठेवायचं? माझ्या डोक्यावर?"

"आता काऊन चिडून राह्यली? तूच तं म्हनली होती!"

मी कधी म्हटलं होतं? तर लग्नाच्या पहिल्या वर्षी. अमरावतीला कॉलेजात असताना गृहविज्ञानाच्या मुली अशा शेगडीत बिस्किटं भाजायच्या आणि आम्हा विज्ञानाच्या मुलींना खिडकीतून नुसता वास यायचा, असं एकदा बोलून गेले होते. एकदाच. ते तुम्ही वीस वर्षं लक्षात ठेवलंत? आणि मला मात्र तुमचा वाढदिवससुद्धा कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागायचा.

शेगडीबरोबर इंग्रजीतलं जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं. ते मी रोज संध्याकाळी वाचायचं, मराठीत वहीत उतरवायचं आणि तुम्हाला समजावून सांगायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. चारही कॉइल आणि ओव्हन एकदम चालले तर किती करंट ओढला जाईल, घरातली साधी वायर कशी जळेल, हे मी फळ्यावर शिकवावं तसं शिकवत होते आणि तुम्ही मान हलवत होतात. शेवटी मीच विचारलं, "हे सगळं तुम्हाला आधीच माहीत आहे ना?"

"हाव. पन तुमच्या तोंडून आयकाले चांगलं वाटून राह्यलं, मास्तरीणबाई."

लबाड माणूस! चार संध्याकाळी वाया घालवल्या माझ्या.

मग तुम्ही कामाला लागलात. मीटरपासून थेट जाड वायर, तिला दुसरं काही जोडायचं नाही. तिचा स्वतंत्र मोठा स्विच, तोही शेगडीच्या वर नाही, बाजूला, "पेट घेतला तं हात जळाले नाही पाह्यजे" म्हणून. मागे भिंतीपासून हातभर जागा. आणि शेगडी समपातळीत आहे का ते कसं पाहिलंत? तव्यात तेल ओतून! तेल उजवीकडे पळालं तर डाव्या पायाखाली... नाही, उजव्या पायाखाली फरशीचा तुकडा. पुन्हा तेल. पुन्हा तुकडा. तेल तव्याच्या मधोमध गोल थांबलं तेव्हा कुठे तुम्ही चहा घेतलात.

अशा माणसाच्या कामाला मी अर्धवट म्हटलं. सांगते. त्याच्यासाठीच बसले आहे.

मागच्या दारापाशी तुम्ही अर्थिंगचा खड्डा केलात. आपल्या प्लॉटवर वीतभर माती आणि खाली सगळा मुरूम. दोन दिवस पहार घेऊन खणत होतात. त्यात पाइप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, आणि वर लोखंडी झाकण. शेगडीच्या अंगातून हिरवी वायर निघाली ती भिंतीतून त्या पाइपाला. शेगडीच्या पत्र्यात वीज उतरलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून. एवढं मला कळत होतं.

मला कळलं नाही ते तुमचं रविवारचं पाणी.

दर रविवारी आंघोळ झाली की तुम्ही एक बादली घेऊन मागे जायचात, झाकण उघडायचात आणि हळूहळू सगळी बादली त्या खड्ड्यात ओतायचात. उन्हाळ्यात दोन बादल्या. नळाला आठवडा आठवडा पाणी नाही, भांडी घासलेलं पाणी मी झाडांना घालते आहे, आणि हे चांगलं पाणी मुरमात! माझा जीव जळायचा. त्यात शेजारच्या विमलताईंनी कुंपणावरून पाहिलं. त्यांना वाटलं, न्हाऊनधुऊन पाणी घालतात म्हणजे देवाचं काहीतरी ठाणं असणार. पुढच्या रविवारी झाकणावर जास्वंदीचं फूल!

माझं टाळकंच फिरलं. आपल्या घरात हे असलं सगळं सासऱ्यांच्या वेळीच सुटलं. मी शाळेत मुलांना सांगते, डोळे झाकून काही करू नका, आणि माझ्याच अंगणात लोखंडाला फूल? मी ते उचलून कुंपणापलीकडे टाकलं आणि तुमच्यावर आले.

"हे खूळ बंद करा. लोक पूजा समजायला लागलेत."

"अवो, पूजा कायची? जमिनीले तहान लागते."

"जमिनीला तहान लागत नाही. ती काय जनावर आहे?"

तुम्ही हसलात. बादली उपडी करून ठेवलीत आणि पुढच्या रविवारी पुन्हा भरलीत. विमलताईंनी पुन्हा फूल ठेवलं, मी पुन्हा काढलं. किती वर्षं चाललं हे आपलं तिघांचं?

अहो, पण तुम्ही नीट का नाही सांगितलंत? माझी तुमच्यावर एवढी एकच तक्रार आहे, ती करून घेते. दरवर्षी मी वर्गात चंचुपात्रात पाणी घेऊन दाखवायचे: साध्या पाण्यात बल्ब लागत नाही, मीठ टाकलं की लागतो. कोरडं मीठ घेतलं तर? तरी लागत नाही. मीठही हवं आणि पाणीही हवं. पोरं टाळ्या वाजवायची. "मास्तरीणबाई, ते तुमचं चंचुपात्र आन् हा माझा खड्डा, एकच," एवढं वाक्य तुम्ही बोलला असतात तर? मी गप्प झाले असते. कदाचित म्हणूनच बोलला नाहीत. बायकोला गप्प करायला तुम्हाला कधीच आवडलं नाही.

थांबा. रोडगे उलटवून येते.

आले. छान रंग धरतो आहे. तुमच्या आईने ह्या ओव्हनमधला पहिला रोडगा हातात घेऊन काय म्हटलं होतं? "हे रोडगे होय? गवरीचा इस्तू नाही का राख नाही. हे तं दवाखान्यातले पाव हायेत!" आणि वरण-वांग्याबरोबर चार खाल्ले. पाचवा तुम्ही वाढायला गेलात तर म्हणाल्या, "आजाऱ्याचं खानं हाय, पचते."

तुम्ही गेल्यावर मी शेगडी वापरत होते ती वरची, एखादी कॉइल. ओव्हन लावलाच नाही. एकटीसाठी रोडगे कोण करतं? तुमच्या पहिल्या पुण्यस्मरणाला माणसं येणार, मागे चिखल नको, म्हणून मी सगळ्या मागच्या अंगणात फरशी घालून घेतली. गवंड्याने विचारलं, "बाई, हे झाकन?" मी म्हटलं, "झाका." हो, मीच म्हटलं. फूलही गेलं, पाण्याची नासाडीही गेली, अंगण स्वच्छ. मनात असं समाधान होतं की सगळं शिस्तीत आलं.

ह्या उन्हाळ्यात शेगडीला हात लागला की बारीक चिमटा बसल्यासारखं व्हायला लागलं. मी रबरी चपला घालते, त्यामुळे फार जाणवत नव्हतं. म्हटलं वय झालं, हाताला मुंग्या येत असतील. विज्ञान शिकवलेली बाई असं म्हणते! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मागच्या महिन्यात प्रज्ञा आणि ओवी आल्या. ओवी आता तीन वर्षांची झाली. तिच्यासाठी कितीतरी दिवसांनी ओव्हन लावला. मी नुकतीच लादी पुसलेली. पोर आंघोळ करून तशीच ओल्या पायांनी धावत आली, आत काय आहे ते बघायला ओव्हनची कडी धरली, आणि किंचाळली. हात झटकून मागे पडली. मी धावत जाऊन मोठा स्विच पाडला. तिला काही झालं नाही. ऐकलंत ना? काही झालं नाही. हात पाहिला, डॉक्टरांनाही दाखवली, सगळं ठीक. पण ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना. "आजी, ती चावते."

प्रज्ञाने संध्याकाळीच बॅग भरली.

"आई, ती शेगडी ह्या घरातून जात नाही तोवर मी ओवीला इथे आणणार नाही."

मी घाबरले होते. आणि घाबरले की मी कशी बोलते ते तुम्ही ओळखता. म्हटलं, "मला काय सांगतेस? तुझ्या बाबांचं काम आहे ते. जन्मभर लोकांची घरं नीट केली, स्वतःच्या घरात अर्धवट ठेवलं."

तिने बॅगेची चेन लावली. मग हळू म्हणाली, "बाबांनी अर्धवट काम केलेलं मी कधी पाहिलं नाही, आई." आणि पोरीला कडेवर घेऊन गेली.

माफी मागायची आहे ती ह्या वाक्याची.

भंगारवाल्याला मी सोमवारी यायला सांगितलं. त्याआधी जाड वायर सोडवायला हमीदभाईंना फोन केला. तुमच्या हाताखाली शिकले, आता त्यांचेच केस पांढरे झालेत. आले, शेगडीसमोर उभे राहिले, आणि पिशवी खाली ठेवेनात.

"भाभी, हे काढाचं? उस्तादच्या हातचं काम हाय हे."

"तुमच्या उस्तादांचं काम माझ्या नातीला चावलं, हमीदभाई. काढा."

"काढतो. पन पयले पाहू तं द्या काऊन चावलं ते."

पत्र्याला टेस्टर लावला, त्यातला दिवा लागला. मागचं झाकण उघडलं. आत टॉर्च मारून मला बोलावलं. "पाहा. एवढ्या वर्सात एक पेच ढिल्ला नाही." मग ओव्हनची कॉइल सोडवून मीटर लावला. ती ओल धरून बसली होती, इतके दिवस बंद होती ना. तिच्यातून थोडी थोडी वीज पत्र्यात गळत होती. "पन एवढ्यानं लेकरू फेकल्या जात नाही," म्हणाले, आणि हिरव्या वायरीवर बोट ठेवून तिच्या मागोमाग निघाले. भिंतीतून बाहेर, दारातून मागे, आणि अंगणात येऊन थबकले.

"भाभी, गड्डा कुठं गेला?"

"फरशीखाली."

"आन् पानी कोन देऊन राह्यलं त्याले?"

मी पायाने फरशीवरची धूळ सारली. तसे ते उकिडवे बसले, फरशीवर हात ठेवला आणि वर माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, तुमी तं सायन्सच्या टीचर होत्या ना?"

अहो, आयुष्यात इतकी शरम वाटली नव्हती. उन्हात उभी होते आणि डोळ्यांसमोर ते चंचुपात्र आलं. कोरडं मीठ. न लागलेला बल्ब. विजेला जमिनीत जायची वाट मीच बंद केली होती, मग ती ओवीच्या ओल्या पायांतून गेली.

हमीदभाई छिन्नी-हातोडा घ्यायला उठता उठता आणखी एक बोलले. ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते. "हे गळनं आजचं नसंल, भाभी. शेगडी जुनी. उस्ताद व्हते तवाबी थोडंबहुत गळत असंल. पन सारं जमिनीत जाये, तुमाले कधी पत्ताच नाही लागला."

नाही लागला. खरंच नाही लागला.

चार फरश्या फोडल्या. झाकण गंजून घट्ट बसलेलं. आत मुरूम भाजल्यासारखा कोरडा, पाइपाभोवती बोट जाईल एवढ्या भेगा. हमीदभाईंनी वरचं सगळं काढून नवा कोळसा आणि नवं मीठ भरलं. मग मी बादली आणली. त्यांनी हात पुढे केला, मी दिली नाही. स्वतः ओतली. घटाघटा आवाज करत गेलं सगळं. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथ्या बादलीचं पाणी हळूहळू वर दिसायला लागलं तेव्हा आम्ही दोघंही थांबलो, आणि हमीदभाईंनी टोपी काढून डोकं पुसलं. डोळेही पुसले असतील, मी पाहिलं नाही.

ओव्हनची नवी कॉइल त्यांनी खामगावहून आणली. शिवाय एक वेगळा स्विच बसवला. जरा वीज इकडेतिकडे गळली की तो आपणहून पडतो. मी म्हटलं, हा असता तर? ते म्हणाले, "दोन्ही पाह्यजे. हा बी आन् गड्डा बी." त्याच्यावर एक बटण आहे, महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. मी कॅलेंडरवर लिहिलं आहे, तुमच्या वाढदिवसाच्या खाली.

ओव्हन सुरू करून, मीटर लावून सगळं तपासलं. काटा हलेना. मग मी चपला काढल्या.

"भाभी, काय करून राह्यल्या?"

"तुमचा मीटर झाला. आता माझा."

पाय ओले केले, ओल्या लादीवर उभी राहिले आणि ओव्हनची कडी धरली, ओवीने धरली होती तिथेच. थंड लोखंड. दुसरं काही नाही. बराच वेळ धरून उभी होते. हमीदभाई बाहेर जाऊन उगाच हत्यारं आवरत बसले.

सोमवारी भंगारवाला आला. त्याला ओव्हनची जुनी कॉइल दिली. "एवढंच?" म्हणाला. म्हटलं, एवढंच.

फोन वाजतो आहे. प्रज्ञा असणार. रोडगेही काढायला हवेत.

*

आता पुन्हा लिहायला बसले आहे, दोघी आल्या, जेवल्या, ओवी झोपली. राहिलेलं सांगते.

प्रज्ञा पिशवी हातात धरूनच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. शेगडी तिथेच बघून तिचा चेहरा उतरला. "आई, तू म्हणालीस ये. मला वाटलं काढलीस."

मी खूप जुळवाजुळव करून ठेवली होती. पण तोंडातून आलं ते एवढंच: "तुझ्या बाबांचं काम पूर्ण होतं. अर्धवट मी केलं." आणि मग खड्डा, फरशी, पाणी, सगळं सांगितलं. उभ्याउभ्या. तोंडाने. म्हणजे हे पत्र निम्मं वायाच गेलं म्हणायचं!

प्रज्ञाने पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि सरळ जाऊन ओव्हनची कडी पूर्ण पंजाने धरली. मी "थांब, आधी मी" म्हणेपर्यंत धरलीसुद्धा. तुमचीच लेक. मग तिचा चेहरा मला दिसला नाही, कारण ती शेगडीवर डोकं टेकून उभी होती, आणि मी रोडगे फोडत होते.

ओवी उंबऱ्यावरच. "चावते?"

"नाही चावत आता," प्रज्ञा म्हणाली.

"काऊन?"

ऐकलंत? जालन्याच्या शाळेत शिकेल, पुण्याला जाईल, पण 'का'ऐवजी हे 'काऊन' तिच्यात तुमच्याकडूनच आलं आहे.

मी तिला मागे घेऊन गेले. झाकण उघडलं. तिच्या आंघोळीचा प्लास्टिकचा मग भरून दिला. तिने दोन्ही हातांनी धरून पाणी ओतलं आणि वाकून कान लावला. "आजी, हा पाणी पितो! ह्याला तहान लागते?"

मी त्या झाकणाशेजारी फरशीवर बसले. आणि म्हटलं, "हो. लागते."

मग ती आत आली, एक बोट शेगडीला लावलं, पुन्हा लावलं, आणि रोडगा मागितला. तूप घालून अख्खा खाल्ला. दवाखान्यातला पाव म्हणाली नाही.

आता कबूल करते ते नीट ऐका. ह्या घरात मी आहे तोवर दर रविवारी खड्ड्यात एक बादली पाणी जाईल. उन्हाळ्यात दोन. नळ आला नाही तर माझ्या आंघोळीचं पाणी कमी करीन, त्याचं नाही. झाकणावर पुन्हा फरशी बसणार नाही. प्रज्ञालाही दाखवून ठेवलं आहे, आणि ह्या वेळी 'का' तेही सांगितलं आहे, चंचुपात्रासकट.

आणि ते जास्वंदीचं फूल. विमलताईंनी कुंपणावरून ओवीला पाणी घालताना पाहिलं आहे, म्हणजे येत्या रविवारी ते येणारच. मी काढणार. तत्त्व म्हणजे तत्त्व, तुमच्यासाठीसुद्धा मोडणार नाही. फक्त आता ते कुंपणापलीकडे टाकणार नाही. आत आणून तुमच्या फोटोपाशी ठेवीन.

तुमची,
मास्तरीणबाई